प्लस बॉडीला

इंजिन गुरगुरत होतं, पण आरपीएमचा काटा शून्यावरून हलायला तयार नव्हता.

"झोपलाय मेला," डॅशबोर्डखाली उताणा पडलेला पर्सी म्हणाला. "हेझल, बल्ब दे."

हेझलनं तारा लावलेला बल्ब बापाच्या हातात दिला. ॲबिंग्डनच्या कारखान्यात पर्सीनं हयातभर याच छोट्या गाड्यांचं वायरिंग केलं होतं. ही हिरवी तेवढी त्याची स्वतःची. पांढरी वायर तो बोटांनी चाचपत गेला. किल्लीच्या स्विचपासून काट्याच्या डबीमागे, तिथं एक वेढा, तिथून कॉइलला. बल्ब इकडे पेटला. तिकडेही पेटला.

"वायर ठणठणीत आहे."

"मग तूच ठणठणीत नसशील," दारात चहाचा मग घेऊन उभा असलेला शेजारचा नॉरिस म्हणाला. "परवा गाड्यांच्या क्लबच्या फेरीची टोपी घालून आला होतास माझ्याकडे. रविवार समजून!"

पर्सी हसला नाही. त्यानं इंजिन बंद केलं, डबी सोडवली, मागचं झाकण काढलं आणि नाकाशी धरली.

"जळलीय. बॅटरी उलटी लागली होती. बाकी गाड्यांना मायनस बॉडीला, हिला प्लस. नवशिके हमखास चुकतात." त्यानं बॉनेट उचलून पाहिलं. "आता सुलटी आहे. मागाहून लावणाऱ्याच्या लक्षात आलेलं दिसतंय."

"तुझ्याशिवाय हिला हात कोण लावतो रे?"

हेझलच्या कानशिलांत रक्त चढलं. गुरुवारी दुपारी बाबा झोपले होते. उठल्यावर खूश होतील म्हणून तिनं बॅटरी चार्ज केली आणि आपलं बाळ कडेवर घेऊन, एका हातानं, स्वतःच्या गाडीला लावावी तशी लावली. ठिणगी उडाली. घाईघाईनं तिनं वायरी फिरवल्या. गाडी सुरू झाली, तशी ती गप्प राहिली. चहाच्या वेळी सांगू म्हणाली. जेवताना सांगू म्हणाली.

"मीच लावली असणार," पर्सी म्हणाला. फडक्याला हात पुसत राहिला. "आणि मला आठवतसुद्धा नाही. डॉक्टरीणबाई म्हणतच होत्या, विसरणं वाढेल म्हणून." त्यानं किल्ली काढून बॉनेटवर ठेवली. "नॉरिस, तुला हवी होती ना ही? घेऊन जा. रस्त्यावर लोकांची पोरं असतात. ज्याला आपल्याच हातांचा भरवसा नाही, त्यानं गाडी चालवू नये."

"अरे, मी आपली गंमत केली..." नॉरिसनं चहाचा मग खाली ठेवला.

"बाबा, मी लावली."

पर्सीनं मान वळवली.

"गुरुवारी. तुम्ही झोपला होतात. उलटी लागली हे मला तेव्हाच कळलं होतं." हेझल खालच्या तेलाच्या डागाकडे बघत होती. ओरडावं त्यांनी, तिला वाटलं. आयुष्यभर वायरी जोडणाऱ्याची पोर आणि एवढं कळत नाही, असं काहीतरी म्हणावं.

पर्सी तिच्या अगदी जवळ आला.

"तू लावलीस?"

"हो."

"मी नाही?"

"नाही, बाबा."

त्यानं तिचा दंड धरला. तिला वर बघवेना.

"पुन्हा सांग," तो म्हणाला. "नॉरिस, इकडे ये. ऐक ही काय म्हणतेय."