गाऱ्हाण्याची साथ

सत्यवान देवापुढे गाऱ्हाणं घाली, पण ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ द्यायला घरात माणसंच उरली नव्हती. म्हणून दुबईहून आलेल्या त्याच्या मुलाने, निकेतने, चारही खोल्यांत बिनतारी स्पीकर ठेवले. आता मुंबईचे चुलते वायफायवरून साथ देणार होते.

निकेत उद्या परत निघणार होता. नारळ ठेवताना सत्यवानाच्या तोंडून नको ते गेलं, “बा देवा म्हाराजा, माझो झील निकेत हो उंबरो आता कधीच ओलांडूचो नाय, असा कर!”

“व्हय म्हाराजा!” चारही खोल्या एकदम दुमदुमल्या.

“आवाज बरो येता रे तुझ्या डब्यांचो,” सत्यवान डोळे पुसत म्हणाला.



निकेत जागचा हलला नाही. “बाबा, मी अजून वायफाय जोडूक नाय.”