पाठीची रेघ

"अजून कमी कर," म्हणत डिझाइनच्या सरांनी तृप्तीचा अकरावा कागदही परत केला.

शिलाई मशीनवर बसलेले बाबा कमीत कमी रेघांत दाखवायचे होते. घरी येऊन तिनं आधी मशीन खोडलं, मग कापड, हात, शेवटी चेहरासुद्धा. उरली फक्त पाठीची वाकडी रेघ. ही तर कोणालाही टेकडीच वाटणार! आणि कागद द्यायचा उद्या. सगळ्या मेहनतीवर पाणी! रडकुंडीला येऊन तिनं कागद चुरगळून भिरकावला.

केर काढणाऱ्या आईनं तो उचलला, उलगडला आणि ती बघतच राहिली.

"इतके वाकलेत का गं हे?"

बाहेरच्या खोलीत मशीन चालूच होतं. पंधरा दिवस तीच पाठ गिरवणारी तृप्ती आज पहिल्यांदा ती बघायला उठली.