स्वतःचा नंबर देऊ नये

‘सोमवारपासून मी लिहिणार नाही. तुमचा काही दोष नाही. काळजी करू नका.’

ताईने तो मजकूर पुन्हा एकदा वाचला आणि हातातला चहा तसाच खाली ठेवला.

“काय झालं?” नवऱ्याने विचारलं.

“कोपरा आता लिहिणार नाही म्हणतेय.”

“वर्गणी संपली असेल.”

“अहो, वर्गणीचं नाही. मला तिचं लक्षण ठीक दिसत नाही. ती जिवाचं काही बरंवाईट करून घेईल.”



कोपरा हे अर्थातच टोपणनाव. महिन्याची वर्गणी भरा आणि मोबाइलवरून मन मोकळं करा, अशी सोय देणाऱ्या एका कंपनीत ताई समुपदेशक होती. माणसं टोपणनावानं लिहीत, ती सकाळ-संध्याकाळ उत्तरं देई. चेहरा नाही, आवाज नाही, पत्ता नाही. सगळ्यांची ती ताई. नवरासुद्धा एकदा चुकून तिला ताई म्हणाला होता आणि मग दिवसभर जीभ चावत बसला होता.

त्याचं केस कापायचं दुकान होतं. बायकोचं हे काम त्याला कधी पटलं नाही. “माझ्या खुर्चीतला माणूस निदान आरशात तरी दिसतो,” तो म्हणे. “तो रडतोय की डोळ्यात केस गेलाय, ते कळतं. तुझी म्हणजे आंधळी कोशिंबीर.”

“ज्यांना आरशासमोर बसवत नाही, ते माझ्याकडे येतात,” ताई म्हणे. दोघांचंही खरं होतं, म्हणून वाद तिथेच राहायचा.

आज मात्र तिला त्याचंच म्हणणं पटत होतं. कोपरा कित्येक महिने लिहीत होती, तेही फक्त कामाच्या दिवशी. सुट्टीला कधीच नाही. घरी एकटी. ऑफिसात कुणी तिच्याशी कामापलीकडे बोलत नसे. डबा ती जिन्यात बसून खायची. ‘माझ्या पाठीमागचं भिंतीवरचं घड्याळ पावणेपाचला बंद पडलंय,’ तिनं एकदा लिहिलं होतं. ‘कुणाच्या लक्षातही आलेलं नाही.’

‘मग तू सांग ना कुणाला,’ ताईने लिहिलं.

‘मीच सांगितलं तर काय उपयोग?’

ताईने कंपनीला फोन लावला. “तिचा पत्ता द्या. नाहीतर घरच्या कुणाचा तरी नंबर द्या.”

“मॅडम, ग्राहकाची माहिती देता येत नाही,” पलीकडचा मुलगा म्हणाला. “अशा वेळी पाठवायचा तयार मजकूर आहे ना, तो पाठवा.”

“पाठवला.”

“मग झालं की!”

काय झालं, हे विचारायच्या आत फोन ठेवला गेला होता.

प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी बजावलेलं होतं: काहीही झालं तरी ग्राहकाला स्वतःचा नंबर देऊ नये. या कामावर ताईचा जीव होता. ते गेलं असतं तर तिला फार लागलं असतं. तिने लिहिलं, ‘हा माझा स्वतःचा नंबर. कधीही फोन कर, मी उचलीन.’

नवरा खांद्यावरून वाचत होता. “नोकरी जाईल.”

“जाऊ दे.”

“मग बघतेस काय? पाठव.”

उत्तर आलं नाही. शनिवार, रविवार ताईने फोन नजरेआड केला नाही. जेवताना तो दोन ताटांच्या मध्ये ठेवलेला असे आणि दोघंही घास गिळत त्याच्याकडे बघत. कुणा अनोळखी बाईसाठी त्या घरात जणू सुतक आलं होतं.

सोमवारी सकाळी फोन आला तो कंपनीचा, व्हिडिओवर. पडद्यावर साहेब होते. त्यांच्या शेजारी चष्मा लावलेली एक बाई खाली मान घालून बसली होती.

“तुमची संभाषणं काल मी वाचून काढली. तुम्ही ग्राहकाला स्वतःचा नंबर दिलात,” साहेब म्हणाले.

“दिला. ती कशी आहे? तेवढं सांगा, मग काय ती शिक्षा करा.”

साहेब हसले. “अहो, ती आहेच कुठे? कोपरा म्हणजे आमच्या या तपासनीस बाई! नियम पाळले जातात की नाही ते बघायला प्रत्येकाकडे आम्ही एक खोटा ग्राहक सोडतो. बाई लिहितात मात्र अगदी हुबेहूब. वाचताना मलाच गलबलून आलं.”

बाईंनी मान वर केली नाही. त्यांच्या पाठीमागे भिंतीवर घड्याळ होतं. सकाळची वेळ, आणि त्यात पावणेपाच वाजले होते. म्हणजे घड्याळ इथलंच उचललं, ताईच्या मनात आलं. बाकी सगळं मनचं.

“तुमचं खातं आजपासून बंद,” साहेब म्हणाले.

आधी ताईला हायसं वाटलं, की कुणी मरत नव्हतं. मग लाज वाटली. मग असा संताप आला की ती रडायलाच लागली. नवरा दुपारी दुकान बंद करून घरी आला.

“माझं हसं झालं हो,” ती म्हणाली.

“होऊ दे. बाई जिवंत आहे ना? नव्हतीच म्हणा, पण आहे.” त्याने चहा टाकला.

संध्याकाळी ताईचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता. पलीकडे जिन्यात घुमतो तसा आवाज घुमत होता आणि बोलणारी बाई सारखी थांबत होती.

“ताई… मी कोपरा.”

ताईच्या डोक्यात तिडीक गेली. “आता काय तपासायचं राहिलंय?”



“साहेब म्हणतात, मी हुबेहूब लिहिते,” बाई म्हणाली. “ताई, मला रचून काही लिहिता येत नाही हो.”