मानाचा फेटा

"वस्ताद, मान जरा खाली घ्या," पैलवानाची आई म्हणाली. खुब्याचं दुखणं सोसून तिचा पोरगा आज पुन्हा तालमीच्या मातीत उतरणार होता, म्हणून ती हिंदुराव वस्तादांसाठी भगवा फेटा घेऊन आली होती.

काही महिन्यांपूर्वी सरावात पोरगा खुबा धरून मटकन खाली बसला, तेव्हा वस्तादांनीच "नस चढलीया" म्हणत त्याच्या पायाला जोरात हिसडा दिला होता. पोरगा गुरासारखा ओरडला. दवाखान्यात डॉक्टर वस्तादांवर भडकले. थोडासाच फाटलेला स्नायू त्या हिसड्यानं पार फाटला होता.

घरी मात्र पोरानं वस्तादांनीच वाचवलं म्हणून सांगितलं. बर्फ, विश्रांती, मग कुबड्या, मग हळूहळू व्यायाम. वस्ताद रोज दूध पोचवायचे, पण उंबरा ओलांडायचे नाहीत.

सगळी तालीम टाळ्या वाजवू लागली. फेटा बसवता बसवता आई वस्तादांच्या कानाशी पुटपुटली, "डॉक्टरांनी मला तवाच सगळं सांगितलंय. पोराचा जीव कुस्तीत हाय, म्हणून गप ऱ्हायले. पुन्यांदा कुणाचा पाय हिसडू नका. आता मान वर करा, पोरं फोटो काढत्यात."