मामा आला!

नातीने पहिल्यांदाच घरी बिअर आंबवायला लावली होती, जेमतेम एक डबा. "मेलबर्नमध्ये चालतं गं आजी, कुणी पकडत नाही," हे तिने मला दहादा सांगितलं. तरी डब्यात बुडबुड झाली की माझं लक्ष दाराकडे जायचं.

त्या दुपारी बेल वाजली आणि नात बाहेरच्या खोलीतून ओरडली, "आजी, मामा आला!"

मी डबा उचलला आणि सगळी बिअर सिंकमध्ये ओतली.

दारात माझा मुलगा उभा होता. खास भाचीची बिअर चाखायला सिडनीहून आलेला. "आई, हे काय केलंस?"

माझी आई मोहाची दारू गाळायची. आमच्या वस्तीत मामा म्हणजे पोलीस. ती हाक आली की मडकं उपडं करायचं, हे मी पाटी हातात येण्याआधी शिकले होते.

नात सिंकशी मुसमुसत होती. "माझी पहिलीच होती गं..."

पोलीस गेल्यावर आई कधी रडत बसली नाही. त्याच चुलीवर नवं पाणी चढवायची.

मी पदर खोचला. "रडतेस काय बये? डबा घासायला घे."