जागा योग्य आहे

"सही करा, मॅडम." अभियंत्याने कागद नूतनबाईंपुढे धरला. 'नव्या वर्गखोल्यांसाठी जागा योग्य आहे' असा तो दाखला होता. खाली मुख्याध्यापिकेच्या सहीची जागा तेवढी कोरी होती.

डोंगराच्या पायथ्याचे ते पाच गुंठे म्हाताऱ्या कोंडिबाने, वारलेल्या बायकोच्या नावाने शाळेला दिले होते. सगळी वाडी जमली होती. मार्गासनीहून विटांचा टेम्पो येऊन उभा होता. सरपंच मानसिंगराव हातात नारळ घेऊन वाट बघत होते.

"जागा योग्य नाही," बाई म्हणाल्या. "वर डोंगराला भेग पडलीय. जूनमध्ये दोन्ही काठांना खुंट्या ठोकल्या, दर शनिवारी जाऊन मोजते. तेव्हा वीतभर होती. आता हातभर झालीय. तुमच्या ऑफिसला दोनदा कळवलं. उत्तर नाही आलं, हा टेम्पो आला."

कोणीतरी हसलं. बाई मोबाईलवर भूविज्ञानाचं एम.एस्सी. करतात, हे वाडीला ठाऊक होतं. रेंजसाठी दर रविवारी त्या पाण्याच्या टाकीच्या जिन्यात बसायच्या, तेव्हा जाणारीयेणारी माणसं विचारायची, "बाई, आजून शाळा शिकताय व्हय?" शाळेजवळचा एक उतार पावसाळाभर मोजायचा, हा त्याच वर्गाचा अभ्यास. पहिल्या महिन्यात त्या मार्कांसाठी वर चढल्या. नंतर मार्कांचं नावसुद्धा त्यांच्या डोक्यात राहिलं नाही.

"डिग्री झाली का तुमची?" अभियंत्याने विचारलं.

"नाही. दोन सेमिस्टर राहिलीत."

"मग?"

"मग काय साहेब, भेग काही माझ्या डिग्रीसाठी थांबलेली नाही."

मानसिंगरावांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. "बाई, निधी मार्चच्या आत खर्ची पडला न्हाई तर परत जातो. पोरं गळक्या खोलीत बसत्यात. आन् तुमची बदलीबी लांब न्हाई, ध्यानात ठेवा."

"करा बदली. नव्या बाईंच्या हातात मोजपट्टी देऊन जाईन." त्यांनी दाखला टेम्पोच्या फाळक्यावर ठेवला, 'योग्य'च्या आधी ठळक 'अ' लिहिला आणि खाली तारखेसह सही केली. मग कागद अभियंत्याच्या हातात दिला.

कोंडिबा काठी टेकत पुढे आला. त्याच्या चेहऱ्याकडे बघणं बाईंना जड गेलं.

"म्या ह्या डोंगराखाली सत्तर पावसाळं काडलं," तो म्हणाला. "तिच्या नावाची जागा खोटी म्हणता?"

"जागा खोटी नाही, आबा. डोंगर सरकतोय. चला, दाखवते."

हाकेच्या अंतरावरच जायचं होतं, पण चढ उभा होता. मध्ये दोनदा थांबून कोंडिबाने दम घेतला. सगळी माणसं खाली उभी राहून वर बघत होती.

वाळलेल्या गवतात भेग आडवी गेली होती. कोंडिबाने आधी ती नुसती न्याहाळली. मग वाकून काठी आत घातली. काठी गेली, मूठ गेली, खांद्यापर्यंत हात गेला. तळ लागला नाही. त्याने काठी बाहेर काढली, तिला लागलेली ओली माती बोटांनी पुसली.

"शाळंचं ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "आमची घरं कुटल्या अंगाला येत्यात हिच्या?"

बाईंनी खाली बोट केलं. नऊ घरांची कौलं तिथून एका ओळीत दिसत होती. शेवटचं घर कोंडिबाचं.

बाईंनी पिशवीतून वही काढली. तहसीलदारांच्या नावचा अर्ज तिच्यात घडी करून ठेवला होता. नऊ घरं पावसाळ्याआधी हलवावीत म्हणून, नावानिशी. लिहून तीन आठवडे झाले होते. शाळेसाठी भांडायला त्या कचरल्या नव्हत्या. माणसांना घर सोडा म्हणायला मात्र जीभ रेटत नव्हती.

"ह्यात तुमचंही नाव आहे, आबा."

कोंडिबाने कागदाकडे बघितलं, मग खाली जमलेल्या माणसांकडे. काठी रोवून तो भेगेच्या अलीकडे ताठ उभा राहिला.

"वाचा, बाई," तो म्हणाला. "मोट्यानं वाचा. खाली ऐकू गेलं पायजे."