गळ्यातलं तेवढं परत द्या

“तक्रार मागं घे, नाहीतर दाखला घे,” गुरुपादप्पा सर म्हणाले. “तिसरी वाट नाही, बाळ.”

मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर पंचशीला उभी होती. भीमनगरातून दहावीपर्यंत पोचलेली पहिली मुलगी, आणि नववीला वर्गात पहिली. दाराशी तिची आई, सिंधुबाई, उकिडवी बसलेली. लेकीची शाळा सुटते की काय, या धास्तीनं तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

खुर्चीत शिवमूर्तीअप्पा ऐसपैस बसले होते. शेजारी त्यांचा मुलगा विरूपाक्ष, मान खाली घालून. अप्पांचा टँकर शाळेची टाकी फुकट भरायचा. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तो हा उन्हाळा. उदगीर नवा जिल्हा होणार म्हणून चौकाचौकांत चर्चा, आणि प्यायला घागरभर पाणी नाही! टँकर थांबला की दहावीचे जादा तास बंद, हे सगळ्यांना माहीत होतं. भिंतीवर मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ चा फलक होता. त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं.

“कुणी बघितलं?” सरांनी पुन्हा विचारलं.

“मी बघितलं, सर.”

“तुझं सोड गं. दुसऱ्या कुणी?”

“न्हाई.”

परवा टाकीच्या मागं विरूपाक्षनं वाट अडवली, घाण बोलला, ओढणी ओढली, गळ्यातला दोरा तुटला. एवढंच पंचशीला सांगत होती. कितीही वेळा विचारा, तेवढंच. पुढं एक अक्षर नाही.

गुरुपादप्पा सर तसे वाईट नव्हते. सकाळी आपापल्या इष्टलिंगाची पूजा केल्याशिवाय त्यांच्या घरात लहानथोर कुणी तोंडात घास घालत नसे. अडचणीचं काही बोलायचं असलं, की त्यांचा हात शर्टाखाली गळ्यात असलेल्या इष्टलिंगाकडं जायचा. आत्ताही गेला.

“पोलिसांत गेलं तर गावभर तुझंच नाव होईल. मी तुझ्या बापासारखा, भल्याचं सांगायलोय.”

“माझंच नाव होऊ द्या, सर. दुसऱ्या कुणाचं नको.”

काय म्हणावं या पोरीला! रडत नव्हती, आवाज चढवत नव्हती. सरांची उभी हयात पोरांना दम देण्यात गेली होती, पण असं नजरेला नजर देऊन उभं राहिलेलं कुणी त्यांना आठवेना. त्यांना राग यायला हवा होता. आलं ते भलतंच, देवळाच्या गाभाऱ्यात उभं राहिल्यावर येतं तसलं काहीतरी.

तेवढ्यात फोन वाजला. घरून उमादेवी, सरांच्या पत्नी.

“रुद्राणी आजबी जेवंना झालीय. ताटाकडं बघतसुदिक न्हाई.”

“ऊन लागलं असंल. लिंबू-सरबत दे. मी कामात हाय,” म्हणत सरांनी फोन ठेवला. मग शिवमूर्तीअप्पांना म्हणाले, “आमची मुलगी, रुद्राणी. हिच्याच बाकावर बसते. परवापासून पडून आहे.”

“उन्हाळाच तसला हाय,” अप्पा म्हणाले.

विरूपाक्षनं मान आणखी खाली घातली. पंचशीलानं मात्र एक मोठा श्वास घेतला.

“दाखला द्या, सर.”

“अगं येडे!” सिंधुबाई उठलीच. “काय बोलायलीस? मागं घे की तक्रार! तुझ्या शिक्षणापायी मी उन्हातान्हात मरायले!”

“न्हाई, आये. मागं घेतली तर खोटं ठरंल.” मग ती सरांकडं वळली. “तक्रार माझ्या नावानं राहू द्या. अन् यानं गळ्यातलं तेवढं परत द्यावं. आत्ताच्या आत्ता.”

शिवमूर्तीअप्पा खो खो हसले. “जत्रेतल्या दोऱ्यापायी एवढा तमाशा? चल, दुकानातून मूठभर घेऊन देतो.”

“तोच पाहिजे.”

“दे की रे!” अप्पा पोरावर खेकसले. “पोरीचा दोरा ठिवून काय पूजा करतोस?”

विरूपाक्षचा चेहरा चुन्यासारखा झाला. त्यानं खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. पुरचुंडी पंचशीलाच्या ओंजळीत ठेवली, आणि कुणी सांगितलं नसताना कमरेत वाकून हात जोडले.

“बघा!” अप्पा खूश झाले. “माफीबी मागितली माझ्या लेकरानं. मिटलं!”

सरांच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्यांनी दाखल्यावर सही केली, शिक्का मारला. वर्तन या रकान्यात ‘उत्तम’ लिहिलं, आणि ते लिहिताना त्यांची त्यांनाच लाज वाटली. बापलेक निघून गेले. बाहेर टँकर सुरू झाल्याचा आवाज आला. टाकीत पाणी पडू लागलं.

दाखला आईच्या हातात देऊन पंचशीला टेबलापाशी परत आली. पुरचुंडी तिनं अजून सोडलेली नव्हती. ती तिनं दोन्ही हातांनी सरांसमोर ठेवली.

“हे लवकर घरी न्या, सर. मला तुमच्या उंबऱ्याच्या आत येता येत न्हाई, न्हाईतर मीच दिलं असतं. अन् तिला रागावू नका. तिनं मला शपथ घातलीया.”

“कुणी?”

पंचशीलानं वाकून नमस्कार केला आणि आईचा हात धरून उन्हात निघून गेली.

सरांनी रुमालाची गाठ सोडली. तुटलेल्या दोऱ्याला इष्टलिंगाची चांदीची डबी होती. रुद्राणीच्या लिंगदीक्षेसाठी त्यांनी स्वतः उदगीरच्या सोनारापुढं बसून घडवून घेतलेली.